दारूच्या आहारी गेलेल्या भावाला घरचं काहीच गोड का लागत नाही?
तो नाटक करत नाहीये. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत खाल्लं की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन स्रवतं; ‘हे पुन्हा कर’ असा तो निरोप असतो. दारू तोच निरोप रोज, जोरात पाठवते. मग मेंदू डोपामिन टिपणारे पेशींवरचे ग्राही (रिसेप्टर) कमी करतो आणि भरीत फिकं पडतं.

माझे मामा यावलचे. भरीत पार्टीत पहिला घास त्यांचा असायचा. पुढे ताट तसंच, नजर गुत्त्याच्या वाटेकडे. आम्ही त्यांना निर्लज्ज म्हणायचो, ते अजून सलतं.

दारू सुटली की गोडी हळूहळू परतते, महिने लागतात. पण रोज पिणाऱ्याची एकदम तोडू नका, आकडी येऊ शकते. आधी जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.