नेव्हिगेशन पांदणीत का नेतं?

गाडीतल्या नेव्हिगेशनबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

केजहून गंगाखेडला निघालो होतो. अंबाजोगाई-परळीचा नेहमीचा रस्ता सोडून नेव्हिगेशनने शेतात घातलं, गाडी रुतली. यंत्र बिघडलंय का?

यंत्र शाबूत आहे. मार्गाच्या सेटिंगमध्ये बहुधा 'सर्वांत कमी अंतर' निवडलेलं असेल. मग ते फक्त किलोमीटर मोजतं. नकाशात रेघ आहे, एवढं त्याला पुरतं. ती रेघ म्हणजे पांदण आहे आणि दोन सरी पडल्या की आपल्या काळ्या मातीतून ट्रॅक्टरही निघत नाही, हे त्याला कोण सांगणार? 'सर्वांत कमी वेळ' निवडा आणि 'कच्चे रस्ते टाळा' सुरू करा. तरीही डोळे झाकून जाऊ नका, कारण कित्येक कच्च्या रस्त्यांची नकाशात तशी नोंदच नसते. निघण्याआधी पूर्ण मार्ग उघडून मधली गावं बघा. परळी दिसत नसेल तर मधला थांबा म्हणून घाला, म्हणजे ते फाटे फोडणार नाही. कमी अंतराचा पर्याय शहरात एक वेळ चालेल; मराठवाड्यात, तेही पावसाळ्यात, नकोच. आणि गाळप हंगामात रात्री निघालात तर पडद्यावरच्या वेळेत थोडी भर धरा. उसाच्या ट्रॉल्या त्या हिशोबात नसतात.

जालन्याहून नागपूरला जाताना समृद्धी महामार्ग दाखवतच नाही.

आधी 'टोल टाळा' आणि 'महामार्ग टाळा' बंद आहेत का बघा. कुणीतरी कधीतरी सुरू केलेलं असतं आणि गाडी बंद केली तरी ते तसंच राहतं. दोन्ही बंद असूनही दिसत नसेल तर नकाशा जुना आहे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, शेवटचा जून २०२५ मध्ये. डिसेंबर २०२२ च्या आधीच्या नकाशात हा रस्ताच नाही, म्हणून तुम्ही समृद्धीवर असलात तरी पडद्यावरचा बाण शेतातून पळताना दिसतो. सर्व्हिस सेंटरमध्ये नकाशा अपडेट करून मिळेल का ते विचारा.

धाराशिव टाकलं तर सापडत नाही.

उस्मानाबाद टाका. नावं २०२३ मध्ये बदलली, जुन्या नकाशात जुनीच आहेत. छत्रपती संभाजीनगरसाठी औरंगाबाद.

बालाघाटाच्या डोंगरात रेंज जाते. नेव्हिगेशन बंद पडेल?

गाडी कुठे आहे हे उपग्रहांवरून कळतं, त्याला इंटरनेट लागत नाही. नकाशा गाडीतच साठवलेला असेल तर काहीच अडणार नाही; फक्त वाहतूक कोंडीची ताजी माहिती येणार नाही. मोबाइलवर चालवत असाल तर घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा आधी उतरवून घ्या. चौकट ओढताना एकट्या बीड जिल्ह्यावर थांबू नका, शेजारचा अहिल्यानगरचा भागही घ्या. नाहीतर पाटोद्याहून जामखेडकडे जाताना पडदा कोरा व्हायचा.