भरवायचं तुम्हीच

“ताई, गेल्या तीन वर्षांत माझी नजर जवळजवळ गेली. पुढच्या महिन्यात मला गाइड डॉग, म्हणजे न दिसणाऱ्याला रस्त्यानं सांभाळून नेणारा शिकवलेला कुत्रा, मिळणार आहे. नवरा म्हणतो, त्याचं खाणंपिणं, शी-शू मी बघतो, तू फक्त त्याला घेऊन बाहेर जा. आठ वर्षांचा मुलगा तर त्याचे लाड करायला टपलाय. मला हे झेपेल ना?”

झेपेल. पण कामांची ही वाटणी आधी बदला. रोज जो भरवतो, विंचरतो, शी-शूला नेतो, त्याच्याकडे कुत्र्याचा ओढा असतो. ही कामं नवऱ्याकडे गेली, तर रस्त्यावरही कुत्र्याचं लक्ष त्यांच्याकडेच राहील. पहिले काही महिने तरी हे सगळं तुमच्याच हातून होऊ द्या.

दिसत नसताना शी उचलणं अवघड वाटत असेल, तर त्याची रीत सांगते. ठरलेल्या जागी हार्नेस, म्हणजे कामाच्या वेळी त्याच्या अंगावर असलेला मुठीचा साज, काढा, पट्टा आखूड धरा आणि त्याच्या पाठीवरून हलका हात फिरवा. पाठ कमानीसारखी वर आलेली लागली, तर शी. मागच्या पायांजवळ आपलं पाऊल रोवा. तो बाजूला झाला की पिशवी हातात मोज्यासारखी चढवून पावलाच्या टोकाशी चाचपा. जेवणाच्या वेळा पक्क्या असल्या की शीची वेळही बसते.

खाणं अंदाजानं घालू नका. कुत्रा देणाऱ्या संस्थेनं सांगितलेलं प्रमाण एकदा तोलून घ्या आणि तेवढंच मावेल असं भांडं मापाला ठेवा. शाबासकीचे दाणेही त्यातलेच. बरगड्या हलक्या दाबानं बोटांना लागायला हव्यात. लागेनाशा झाल्या तर वजन वाढलंय. रोज विंचरताना कानांचा वास घ्या, पंजांच्या बेचक्यांत गोचीड किंवा जखम आहे का ते चाचपा. हे हातांचं काम आहे, तुम्हाला छान जमेल.

मुलाला एकच नियम: हार्नेस अंगावर असताना हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. हार्नेस उतरला की खुशाल खेळू दे; कुत्र्यालाही ते हवंच असतं. ताटातला घास मात्र कधीच नाही. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा तर त्याला विषासारखे. शिवाय घास मिळायची सवय लागली की तो रस्त्यावरही जमीन हुंगत चालतो, आणि नाक खाली गेलं की पायरी चुकते. माणूस आणि कुत्र्याची चांगली तयार झालेली जोडीही अशा मायेनं बिघडू शकते.

कुठे जायचं हे कुत्र्याला ठाऊक नसतं, सिग्नलही त्याला वाचता येत नाही. वाट तुमच्या डोक्यात हवी, वाहनांचा आवाज ऐकून रस्ता ओलांडायचा निर्णयही तुमचा. तो पायरीशी थांबायला चुकला, तर चार पावलं मागे या, पुन्हा चला, आणि नीट थांबला की त्याच क्षणी शाबासकी द्या. जोडी जमायला सहा महिने ते वर्ष लागतं, तेव्हा पहिल्या महिन्यातल्या चुकांनी खचू नका.

सही करण्याआधी संस्थेचा करार वाचून घ्या. कुत्र्याची मालकी कोणाची, औषधपाण्याचा खर्च कोणाचा, वय झाल्यावर तो कामातून निवृत्त झाला की कोणाकडे राहणार, हे विचारा. तुम्ही आजारी पडलात तर त्याला कोण सांभाळेल, तेही ठरवा. तिथे नवऱ्याची मदत जरूर घ्या. आणि पांढरी काठी अडगळीत टाकू नका, कुत्रा आजारी असेल त्या दिवशी ती लागेल.