चिकन सरस की गाजर?

प्रश्न : पोषणमूल्यांचा विचार करता चिकन चांगले की गाजर? भरपूर गाजरे खाल्ल्यास चिकनची उणीव भरून निघेल का?

उत्तर : प्रथिनांपुरते बोलायचे तर नाही. कातडी काढून शिजवलेल्या चिकनच्या छातीच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे ३१ ग्रॅम प्रथिने आणि १६५ किलोकॅलरी ऊर्जा असते; तेवढ्याच कच्च्या गाजरात प्रथिने जेमतेम १ ग्रॅम आणि ऊर्जा सुमारे ४१ किलोकॅलरी. म्हणजे तितकीच ऊर्जा मिळावी म्हणून ४०० ग्रॅम गाजरे चावून खाल्ली, तरी प्रथिने ४ ग्रॅमच्या आसपासच राहतात. शिवाय ब-१२ जीवनसत्त्व गाजरात नसतेच.

मात्र चिकनमध्ये तंतू मुळीच नसतात, तर १०० ग्रॅम गाजरात ते सुमारे २.८ ग्रॅम असतात. गाजराला केशरी रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते आणि १०० ग्रॅम गाजरातून प्रौढ व्यक्तीची या जीवनसत्त्वाची दिवसाची गरज बहुतांशी भागते. हे द्रव्य स्निग्धात विरघळणारे असल्यामुळे, गाजर किसून किंवा शिजवून थोड्या तेलातुपासह खाल्ले तर ते अधिक प्रमाणात शोषले जाते. नुसते कच्चे गाजर कुरतडणाऱ्यांना त्याचा पुरेपूर लाभ होत नाही. (अतिरेक केल्यास तळहात पिवळसर दिसू लागतात, ते निरुपद्रवी असते.)

मांसाहार वर्ज्य असेल, तर चिकनला पर्याय डाळी, कडधान्ये, दूध आणि पनीर यांत शोधावा. ब-१२ साठी मात्र यांपैकी दुग्धजन्य पदार्थच उपयोगी पडतात.