चार रविवार डोंगर पालथे घातले तरी काही दिसत नाही, त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की सलग चार रविवार नाशिकजवळचे रामशेज, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी केले, पण दोन सरडे आणि एक फुलपाखरू सोडून काहीच मिळालं नाही. साप आणि किडे नेमके शोधायचे कुठे, मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो घ्यायची) घ्यावी का आणि नऊ वर्षांच्या लेकीला सोबत न्यावं का, असं विचारलंय. मी वीसेक वर्षं याच डोंगरांत किडे-सरड्यांचे फोटो काढतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अडचण तुमच्या चालीत आहे. सहाला पायथा, आठला माथा आणि दहाला मिसळ, या वेगात गड होतो, किडा दिसत नाही. मी एका सकाळी फार तर दोन-तीनशे पावलं जातो. एक झुडूप धरायचं आणि त्याच्यापाशी अर्धा तास बसायचं.

सुरुवात रुईपासून करा. चामरलेणीच्या पायथ्याला, माळावर, अगदी कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवरही रुई असते. पावसाळ्यात आणि त्यानंतर तिच्यावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा मोठा रंगीत नाकतोडा बसलेला असतो. तो सहसा उडत नाही, त्यामुळे शिकायला उत्तम. मग पानं खालून बघा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळे ठिपके असलेली, पाठीवर काळ्या धाग्यांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली तर ती प्लेन टायगर फुलपाखराची. ती पान खाण्याआधी शीर चावते, म्हणजे चीक तिथेच गळून जातो आणि पुढचं पान खायला मोकळं होतं. रुईतलं विष तिच्या अंगात साठतं, म्हणून पक्षी तिच्या वाटेला फारसे जात नाहीत. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) आणि तो खायला आलेले लेडीबर्ड भुंगेरेही असतात. एका झुडपावर एवढं सगळं चाललेलं असतं आणि आपण शेजारून गडाकडे बघत निघून जातो.

ऋतूचंही भान ठेवा. मृगाचे पहिले पाऊस पडले की लाल मखमली मृगाचे किडे जमिनीवर येतात. त्यांना आठ पाय असतात, म्हणजे खरं तर ते कोळ्यांच्या नात्यातले. हे दिवस थोडेच असतात, चुकवू नका. पावसाळा सरताना घाटाच्या बाजूला, त्र्यंबक-इगतपुरीकडे, झाडांमध्ये जायंट वुड स्पायडरची मोठी जाळी दिसतात. मधोमध बसलेली मादी हाताच्या पंजाएवढी असते आणि त्याच जाळ्यात कडेला इवलासा नर असतो. तोही शोधा. थंडीत माझी आवडती जागा म्हणजे गंगापूर धरणाच्या काठचं गवत. पहाटे चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण सडपातळ कीटक) दवाने पूर्ण भिजलेल्या असतात, ऊन लागेपर्यंत त्यांना उडता येत नाही. डोळ्यावरचा एकेक थेंब टिपता येतो. सूर्य वर आला की पंधरा-वीस मिनिटांत खेळ संपतो. उन्हाळ्यात उघड्या, खडकाळ माळावर गळ्याखालचा रंगीत पंखा उघडून दगडावर बसलेला नर सरडा बघा. 2016 साली या गटातल्या काही जातींसाठी नवी प्रजाती (जीनस) मांडली, तेव्हा तिला शास्त्रीय नावच ‘सरडा’ दिलं, आपल्या मराठीवरून. मला त्याचा फार आनंद झाला होता.

आता साप. मुद्दाम सापाच्या मागे लागू नका, असं मी स्पष्ट सांगेन. आपल्या मुरमाड टेकड्यांवर दगडाखाली फुरसं असतं. ते वेटोळं घालून खवले एकमेकांवर घासतं, करवत चालवल्यासारखा आवाज येतो. तो ऐकला की मागे व्हायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही जातींवर प्रतिविष आहे. घाटातल्या हिरव्या चापड्यावर मात्र ते चालत नाही. साप दिसलाच तर दोन-अडीच मीटर लांब थांबून टेलीलेन्सने फोटो घ्या. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. हालचाल कमी ठेवा, 108 ला फोन करा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

दगड उलटायची सवय शक्यतो लावूच नका. एकदा म्हसरूळच्या बाजूला मी एक दगड उचलला, तर खाली विंचवाची मादी होती, पाठीवर पांढरी पिल्लं दाटीवाटीने बसलेली. मी दोन फोटो घेतले आणि दगड होता तसा, त्याच खाचेत ठेवला. उचलायचाच असेल तर कड आपल्या बाजूने उघडू नये. पलीकडची कड धरून दगड आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे आतला प्राणी समोरच्या बाजूने निघून जातो.

माझा खरा राग एका गोष्टीवर आहे. काही वर्षांपूर्वी एका माळावर पाच-सहा जणांनी शॅमेलिऑन पकडून फुलांच्या फांदीवर बसवला होता आणि सगळे आळीपाळीने फ्लॅश मारत होते. तो काळपट पडला होता, तोंड उघडून फुसफुसत होता. फोटो सुंदर आले असतील. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यात असं पकडणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते चूकच होतं.

लेन्स लगेच घेऊ नका. मोबाइलला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स सहा महिने वापरा. पुढे शंभर एमएम घेतलीत तर फ्लॅशपुढे बटर पेपरचा डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लावा, नाहीतर भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग येतो. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 11, शटर 1/200 सेकंद, इथपासून सुरू करा. फोकस डोळ्यावर हवा, आणि कॅमेरा किड्याच्या उंचीला, म्हणजे पोटावर झोपायची तयारी ठेवा.

रात्री जंगलात जाऊ नका. परवानगीचा प्रश्न आहे, आणि निफाड-दिंडोरीच्या उसात बिबटे आहेत. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून बांधावर दोघं-तिघं जा. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत कपाळाजवळ धरली की गवतात कोळ्यांचे डोळे हिऱ्यासारखे चमकतात. बागेतला सरडा फांदीच्या टोकावर फिकट होऊन झोपलेला सापडेल. त्याला उठवू नका. आणि दुर्मीळ काही मिळालं तर नेमकं ठिकाण कुठेही टाकू नका, पाळायला विकणारे ते वाचतात.

लेकीला जरूर न्या. उंच बूट, फुल पँट, अत्तर नाही, कारण कड्यांवर आग्या मोहोळं असतात. तिच्या हातात भिंग द्या आणि रुईच्या पानाच्या शिरेवर अळीने घेतलेला चावा शोधायला सांगा. तुमच्या आधी तिलाच सापडेल.