‘उद्या दहानंतर या’ म्हणाले तर?

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची एकच विचारणा फिरून फिरून येते आहे: शहरातल्या चौकीला संध्याकाळी कुलूप असतं, ठाण्यात ‘नागरिकांसाठी वेळ १० ते ६’ अशी पाटी असते, मग रात्री तक्रार घेऊन जायचं कुठे? निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहे.

बाजारातली चौकी सहालाच बंद होते. ठाणंही बंद समजायचं का?

नाही. पोलीस ठाणं चोवीस तास चालतं. तातडी असेल तर ११२, समुद्रात काही घडलं तर १०९३.

मग १० ते ६ ची पाटी कशाची?

चारित्र्य पडताळणी, पासपोर्टचे कागद, परवाने अशा टेबलावरच्या कामांची. गुन्ह्याची खबर द्यायला वेळेचं बंधन नाही. ‘नव्या कायद्यात रात्री एफआयआर बंद’ हा व्हॉट्सॲपवरचा मजकूर साफ खोटा आहे, कृपया पुढे पाठवू नका.

रात्री जेटीवरून होडीचं इंजिन चोरीला गेलं. ‘साहेब नाहीत, उद्या दहानंतर या’ असं सांगितलं. सकाळी गेलो तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. असाच एक अशील माझ्याकडे आला होता. चौथ्या दिवशी गुन्हा नोंदला गेला आणि कोर्टात उलटतपासणीचा बराचसा वेळ एकाच प्रश्नावर गेला: चार दिवस काय करत होतात? तो पहिल्याच रात्री ठाण्यात जाऊन आला होता. पण कागद नव्हता, सांगणार कशाच्या जोरावर?

‘साहेब नाहीत’ हे कारण कायद्यात बसत नाही. प्रभारी अधिकारी हजर नसतील, तर ठाण्यात हजर असलेला, शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा त्यांच्या खालचा अधिकारीच प्रभारी ठरतो. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येतो अशा गुन्ह्याची, खबर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या फौजदारी कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे नोंदवावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली, जुना कायदा असतानाच, हेच बजावलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीनं, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे. पण तुमची खबर हाती घेतल्यावर. परत पाठवण्याची मुभा कुठेच नाही. ‘हद्द आमची नाही’ म्हणाले तरी शून्य क्रमांकानं नोंद करून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते.

म्हणून त्याच रात्री साध्या कागदावर दोन प्रती लिहा: काय गेलं, इंजिनाचा नंबर, शेवटचं कधी पाहिलं, आणि ठाण्यात पोचलात ती वेळ. ठाणे अंमलदाराकडून एका प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या, स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक विचारा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदच नाकारली तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. तिथंही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, मात्र तो वकिलाकडूनच लिहून घ्या.

झेरॉक्सवाला ५०० रुपयांत ‘पक्की ऑनलाइन एफआयआर’ करून देतो. घ्यावी का?

एक रुपयाही देऊ नका. ऑनलाइन दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत तुमची सही झाली तरच ती नोंदली जाते, ती सही दुकानदार करू शकत नाही. फसवणुकीनं खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. तिथे मिनिटं मोजायची असतात.

वडील ६८ वर्षांचे. साक्षीसाठी रात्री ठाण्यात बोलावलंय.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे ६० वर्षांवरील पुरुषाला किंवा कोणत्याही स्त्रीला साक्षीदार म्हणून राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. हे नम्रपणे लेखी कळवा. बोलावणं संशयित म्हणून असेल तर हा आधार चालणार नाही, त्याच दिवशी वकील गाठा.

बांधावरून शेजाऱ्यानं शिवीगाळ केली. पोलीस तपास का करत नाहीत?

निव्वळ शिवीगाळ बहुधा अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. मारहाण किंवा धमकीही असेल तर कागद वकिलाला दाखवा.

वकील परवडत नाही.

मोफत वकिलासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. जाताना पोचेची प्रत सोबत न्या.