टक्के कमी बसले, पेन्शन नाकारली: आता अपील कशावर करायचं?

सांगली जिल्ह्यात दिव्यांगांच्या कुटुंबांसोबत काम करताना एक प्रश्न मला सतत विचारला जातो. ‘बोर्डानं चाळीसच्या आत टक्के दिले, तहसीलमधून अर्ज परत आला. आता काहीच होणार नाही का?’ बोर्ड म्हणजे तपासणी करून दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणारं आणि प्रमाणपत्र देणारं सरकारी डॉक्टरांचं मंडळ. विचारणाऱ्याला पैसे गेल्याचं दुःख असतंच. पण आपलं दुखणं खोटं ठरवलं गेलं, ही सल त्याहून मोठी असते. एका कुटुंबाच्या अनुभवातून या प्रश्नाचं उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

विट्याचे एक यंत्रमाग कामगार, त्यांना आपण आप्पा म्हणू. वय पन्नाशीच्या पुढचं, आयुष्य मागावर गेलेलं. उजवा हात पट्ट्यात सापडला, दोन बोटं गेली आणि मनगट आखडलं. तेव्हापासून काम बंद. बायको शेतमजुरीला जाते. बोर्डानं अस्थिव्यंग ३४ टक्के लिहिलं आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज नामंजूर झाला. या योजनेत दिव्यांग म्हणून बसायला किमान ४० टक्के लागतात आणि वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असावं लागतं. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना दरमहा २५०० रुपये मिळतात. शेतमजुरीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम किती मोठी, ते सांगायला नको.

“हात चालत न्हाई, धागा धरता येत न्हाई, आणि डॉक्टर म्हणत्यात चौतीस,” आप्पा म्हणाले. “म्हंजे मी सोंग करतोय व्हय?”

मी आधी हाच गैरसमज काढायला बसते, कारण मनात हा राग घेऊन लिहिलेलं अपील हमखास भरकटतं. बोर्ड तुमची गरज मोजत नाही आणि तुम्ही कमावू शकता की नाही हेही मोजत नाही. सांधा किती वळतो, पकडीत किती जोर उरलाय, कुठलं बोट कुठून गेलंय, याची केंद्र शासनानं ठरवून दिलेली कोष्टकं आहेत आणि त्यावरून टक्के निघतात. माग चालवणाऱ्याची दोन बोटं गेली तर त्याचा धंदाच जातो, पण कोष्टकाला त्याचा धंदा माहीत नसतो. हे अन्यायाचं वाटतं, आणि मला स्वतःलाही ही मोजपट्टी अपुरी वाटते. तरी तिचा अर्थ ‘तुम्ही खोटारडे आहात’ असा होत नाही. हे ऐकल्यावर आप्पांनी बायकोकडे बघितलं. तिनं तेच पुन्हा जरा मोठ्यानं, त्यांच्या तोंडासमोर येऊन सांगितलं. मग त्यांनी मान हलवली.

माझं लक्ष तिथं गेलं. मी कागद शोधायला कपाटाकडे वळून काही विचारलं की उत्तर यायचं नाही. समोर बसून विचारलं की यायचं. आप्पा माझे ओठ वाचत होते.

“ऐकायला कमी येतं का?” मी विचारलं. ते हसले. “मागावर सगळ्यांचंच असतंय की, मॅडम. ते काय अपंगत्व व्हय?” वहिनी मात्र भडाभडा बोलल्या. टीव्हीचा आवाज, फोनवरची भांडणं, लग्नकार्याला जायचं टाळणं. अपघातानंतर माणूस हेकट झाला, तोंड फिरवून बसतो, असं सगळं घर समजत होतं. खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान जातात. कारखान्यात सगळे खुणांनी बोलतात, म्हणून ते कुणाला जाणवत नाही. हात गेल्यावर आप्पा घरात बसले आणि घरच्यांना पहिल्यांदा त्यांचं न ऐकणं दिसलं. त्याला त्यांनी स्वभाव म्हटलं.

मग आम्ही प्रमाणपत्रासाठी केलेल्या अर्जाची प्रत काढली. ऑनलाइन अर्ज करताना नेट कॅफेतल्या मुलानं अपंगत्वाच्या प्रकारात फक्त हाताची खूण केली होती. त्यामुळं कान-नाक-घसा विभागाकडे आप्पांना कुणी पाठवलंच नव्हतं. बोर्डानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. प्रश्नच अर्धा होता.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि एकाच माणसात एकाहून जास्त असतील तर त्यांचा एकत्रित हिशोब होतो. हा हिशोब साध्या बेरजेचा नाही. मोठा आकडा तसाच घ्यायचा. लहान आकड्याला ९० वजा मोठा आकडा, यानं गुणायचं, ९० नं भागायचं आणि जे येईल ते मोठ्यात मिळवायचं. कानाच्या हिशोबात दोन्ही कानांची वेगवेगळी चाचणी होते आणि बऱ्या कानाला पाचपट वजन दिलं जातं, म्हणून एकच कान गेलेल्याचे टक्के फारच कमी निघतात. आप्पांचे दोन्ही कान उतरले होते.

दरम्यान घरात दुसरंच काही शिजत होतं. पाहुण्यांपैकी एकानं एजंट गाठला होता, ‘पैसे द्या, पंचेचाळीस करून देतो’ म्हणणारा. वहिनींनी दागिना मोडायची तयारी केली होती. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की खोट्या प्रमाणपत्रावर लाभ घेणं किंवा घ्यायचा प्रयत्न करणं हा याच कायद्याच्या कलम ९१ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि ज्याचं खरं आहे त्यानं खोट्याच्या वाटेला का जावं? या एजंटांचा मला मनापासून संताप येतो. हक्काच्या गोष्टीला ते उपकाराची किंमत लावतात.

प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपील करायचा हक्क कलम ५९ मध्ये आहे आणि नियमांनुसार त्याला निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवस मिळतात. अपील राज्य शासनानं नेमलेल्या प्राधिकरणाकडे जातं. ते कोण आणि कागद कुठं द्यायचा, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचारावं. तोंडी उत्तरावर हेलपाटे मारू नयेत. प्रमाणपत्रच नाकारलं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. ते कारण हातात घेतल्याशिवाय परत फिरू नका.

आप्पांच्या थोरल्यानं अपिलाचा पहिला मसुदा लिहून आणला होता. दोन पानं भरून गरिबी, कर्ज, बहिणीचं लग्न. वाचताना गलबलून येत होतं. पण त्यातलं एकही वाक्य अपील ऐकणाऱ्याला टक्के बदलायला आधार देत नव्हतं. मी त्याला सांगितलं, हे सगळं खरं आहे, याची जागा उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. इथं लिहायचं ते मोजणीबद्दल. काय मोजलं नाही, काय चुकीचं मोजलं, त्याला पुरावा कोणता. शेवटी अपील अर्ध्या पानाचं झालं. ‘माझ्या उजव्या हाताचं दिव्यांगत्व ३४ टक्के धरलं आहे. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. त्याची तपासणी झालेली नाही. सोबत ऑडिओमेट्रीचा (ऐकण्याच्या चाचणीचा) अहवाल जोडला आहे. कानांची तपासणी करून एकत्रित टक्केवारी काढावी आणि मला म्हणणं मांडायची संधी द्यावी.’ सोबत प्रमाणपत्राची, मूळ अर्जाची आणि अपघाताच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली.

अपील फेटाळताना बाजू ऐकून घ्यावीच लागते. आप्पांना बोलावणं आलं तेव्हा मुलगा सोबत गेला, कारण ऐकू न येणारा माणूस अशा ठिकाणी घाबरून प्रत्येक प्रश्नाला ‘व्हय व्हय’ म्हणतो. पुन्हा तपासणी झाली. कानांचे २१ टक्के निघाले. वरच्या सूत्रात घातले की ४७ होतात. तेवढेच प्रमाणपत्रावर आले.

तहसीलचा अर्ज नव्यानं भरला आणि समितीच्या बैठकीत मंजूर झाला. त्याच प्रमाणपत्रावर एसटीत ७५ टक्के सवलत मिळाली. श्रवणयंत्रासाठीही अर्ज केला. वहिनींना पेन्शनइतकाच त्या यंत्राचा आनंद होता.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. तासगावकडच्या एका बाईंचे टक्के अपिलातही चाळीसच्या आतच राहिले. त्यांच्याकडे न मोजलेलं काही उरलंच नव्हतं. त्यांना खोटी आशा दाखवणं मला बरोबर वाटलं नाही. त्या विधवा आहेत, आणि निराधार योजना विधवांसाठीही आहे. दिव्यांगत्वाचा हट्ट सोडून आम्ही त्या वाटेनं अर्ज केला.

नकार तहसीलमधून आला असेल, तर तो टक्क्यांवर की उत्पन्नावर, हे आधी पाहा. उत्पन्नावर नाकारलेल्या अर्जासाठी टक्क्यांविरुद्ध अपील केलं तर वेळ फुकट जातो. कारण दिलंच नसेल तर माहितीच्या अधिकारात आपल्या अर्जावरची टिपणी मागता येते, तिला ३० दिवसांत उत्तर यायला हवं. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांग व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कार्यालय दादच देत नसेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

आणि मागावर, हळदीच्या पॉलिशवर, दगडाच्या क्रशरवर काम केलेला माणूस घरात असेल, तर दुखणं हाताचं असो की पायाचं, अर्ज भरण्याआधी त्याचे दोन्ही कान तपासून घ्या.