बोर्ड, सीईटी, जेईई: तीन वेळापत्रकं करू नकोस

बारावी सायन्सला नव्याने आलेली मुलं तीन परीक्षांचे तीन वेगळे अभ्यास मांडतात आणि दिवाळीपर्यंत दमतात. अभ्यासक्रम बराचसा एकच आहे. धडा एकदाच धर: आधी बालभारतीचं पुस्तक, मग बोर्डाच्या पद्धतीने लेखी उत्तरं, लगेच त्याच धड्यावर घड्याळ लावून पन्नास एमसीक्यू.

सीईटीत अकरावीला साधारण २० टक्केच वजन असतं, तेही ठरावीक धड्यांना. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. जेईई मेनमध्ये मात्र चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, तिथे ठोकून द्यायची सवय नडते.

सुरुवातीला एवढंच:

- मॉक टेस्ट आठवड्याला एक. गुणांपेक्षा चुका बघ. वहीत तीन रकाने आख: येतच नव्हतं, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही. शेवटचे दोन रकाने नवीन काही न शिकता कमी होतात.
- जर्नल प्रयोग झाला त्याच आठवड्यात पूर्ण कर. फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रॅक्टिकलचे प्रत्येकी ३० गुण आहेत. शेवटी रात्र जागून जर्नल उतरवणं हा निव्वळ विकतचा ताण.
- सात तास झोप. बोर्डाचा पेपर सकाळी ११ला असतो, तेव्हा डोकं चालायला हवं.

चौथा क्लास, दुसरी टेस्ट सिरीज वगैरे आत्ता नको. आणि झोप-जेवण आठवडाभर बिघडलं, तर घरी सांग, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.